जुनी मोटार विकताना : घासाघीस, चालढकल आणि कायद्याने घालून दिलेली मुदत

जुनी मोटार विकण्याचा निर्णय एका संध्याकाळी होतो. ती प्रत्यक्षात विकली जाईपर्यंत मात्र अनेकदा कित्येक आठवडे निघून जातात. जाहिरात प्रसिद्ध होताच दूरध्वनी सुरू होतात. एखादा ग्राहक गाडी न पाहताच ‘शेवटचे किती’ असे विचारतो. दुसरा तीन वेळा येऊन गाडी पाहतो, पसंत असल्याचे सांगतो आणि ‘घरी विचारून कळवतो’ म्हणून निघून जातो. तिसरा ठरलेल्या किमतीवर हात मिळवतो आणि पैसे देण्याच्या दिवशी दहा हजार रुपये कमी घेऊन येतो.

या त्रासाला कंटाळलेल्या मालकाकडून साधारणपणे दोन चुका होतात. एक तर तो मिळेल त्या भावाला गाडी देऊन मोकळा होतो. किंवा ग्राहक हातचा जाऊ नये म्हणून कागदपत्रे अर्धवट ठेवून गाडी त्याच्या ताब्यात देतो. पहिल्या चुकीत काही हजार रुपयांचे नुकसान होते आणि ते तेवढ्यावरच थांबते. दुसऱ्या चुकीचे परिणाम मात्र गाडी दृष्टीआड झाल्यानंतर अनेक वर्षांनीही भोगावे लागू शकतात. त्यामुळे ग्राहकाशी बोलणी कशी करावीत, या प्रश्नाचा विचार किंमत आणि नावाचे हस्तांतरण या दोन्ही अंगांनी एकत्रितपणे करणे आवश्यक ठरते.

घासाघिशीचे मूळ

जुन्या मोटारींच्या व्यवहारात एवढी घासाघीस का होते, याचे उत्तर अर्थशास्त्राने दिले आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेतले होते. गाडीतील खरे गुणदोष विक्रेत्याला ठाऊक असतात, ग्राहकाला नसतात. सदोष गाडी आपल्या गळ्यात पडेल या भीतीने ग्राहक सर्वच गाड्यांना कमी भाव देऊ पाहतो. परिणामी चांगल्या गाडीच्या मालकालाही योग्य किंमत मिळत नाही आणि तो बाजारातून माघार घेतो, असे त्यांनी दाखवून दिले. माहितीच्या या असमतोलावरील कार्यासाठी मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह अकरलॉफ यांना २००१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक प्रदान करण्यात आले.

या विवेचनातून विक्रेत्याला एक व्यावहारिक निष्कर्ष काढता येतो. ग्राहक जी रक्कम कमी करून मागतो, तिचा बराचसा भाग अविश्वासापोटी आलेला असतो. निर्णय लांबवणाऱ्या ग्राहकाच्या मनातही बहुधा हीच शंका घर करून असते. शंका जेवढी कमी, तेवढी घासाघीस आणि चालढकलही कमी. त्यामुळे बोलण्यातील चातुर्यापेक्षा पूर्वतयारी अधिक उपयोगी पडते.

या तयारीत पुढील कागदपत्रांचा समावेश होतो : नोंदणी प्रमाणपत्र, विमापत्र, प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र, देखभालीच्या पावत्या, टायर व बॅटरी बदलल्याची बिले आणि दुसरी किल्ली. कर्ज फिटले असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र आणि नोंदणी प्रमाणपत्रावरील कर्जाचा बोजा उतरवण्यासाठीचा नमुना ३५ हे आधीच पूर्ण करून घ्यावे. बोजा उतरलेला नसणे हे ग्राहकाच्या हाती दिलेले घासाघिशीचे मोठे हत्यार ठरते. वाहतूक नियमभंगाची प्रलंबित चलने परिवहन मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. ती ग्राहकाने दाखवण्यापूर्वी मालकाने भरलेली असावीत. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदवलेल्या वाहनांनाही उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसवणे बंधनकारक करण्यात आले आहे. हे कामही विक्रीपूर्वीच उरकलेले बरे.

गाडीला अपघात झाला असेल किंवा एखादा भाग रंगवून घेतला असेल, तर ते सुरुवातीलाच सांगणे हिताचे असते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ नुसार माहीत असलेली वस्तुस्थिती हेतुपुरस्सर दडवणे ही फसवणूक ठरते. व्यवहाराच्या दृष्टीनेही सांगितलेला दोष किमतीत एकदाच मोजला जातो. लपवलेला दोष ग्राहकाच्या कारागिराने शोधून काढल्यास मात्र गाडीच्या उरलेल्या सर्व भागांविषयी संशय निर्माण होतो.

तीन आकडे

बोलणी सुरू होण्यापूर्वी मालकाने तीन आकडे निश्चित करावेत : जाहिरातीतील किंमत, अपेक्षित किंमत आणि जिच्याखाली गाडी द्यायचीच नाही अशी किमान किंमत. उदाहरणार्थ, चार लाख रुपये मिळावेत अशी अपेक्षा असल्यास जाहिरातीत चार लाख पंधरा ते पंचवीस हजार आणि किमान तीन लाख पंच्याऐंशी हजार, अशी आखणी करता येईल. किमान किंमत कागदावर लिहून ठेवावी आणि घरातील मंडळींनाही सांगावी. अन्यथा मालक ठाम राहतो आणि चहाचा कप पुढे करताना घरातीलच कोणीतरी ‘थोडेफार कमी होईल’ असे बोलून जाते.

हे आकडे ठरवताना मालकाने स्वतःच्या मनाचाही अंदाज घेतला पाहिजे. डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना साधे कप भेट देण्यात आले होते. ते विकण्यासाठी त्यांनी मागितलेली किंमत, कप न मिळालेले विद्यार्थी देऊ करत असलेल्या किमतीच्या दुपटीहून अधिक होती. वस्तू आपली झाली की ती अधिक मोलाची वाटू लागते. ज्या गाडीतून मुलांना शाळेत सोडले, देवदर्शन केले, तिच्याबाबत तर हे अधिकच खरे आहे. परंतु या आठवणींचे पैसे ग्राहक देत नाही. त्याच वर्षाच्या, त्याच प्रकारच्या आणि साधारण तेवढेच अंतर धावलेल्या आठ-दहा गाड्यांच्या जाहिराती पाहून मगच किंमत ठरवावी. जाहिरातीतील किंमत ही मागणी असते, प्रत्यक्ष व्यवहार त्याखाली होतो, हेही लक्षात ठेवावे.

अनेक ग्राहक विमापत्रावर नमूद केलेले गाडीचे मूल्य पुढे करतात. हे मूल्य नव्या गाडीच्या विक्री किमतीतून वयानुसार ठरावीक घट वजा करून काढले जाते. एक ते दोन वर्षांच्या गाडीसाठी २० टक्के, दोन ते तीन वर्षांसाठी ३० टक्के, तीन ते चार वर्षांसाठी ४० टक्के आणि चार ते पाच वर्षांसाठी ५० टक्के असे घटीचे प्रमाण आहे. पाच वर्षांनंतर ते विमा कंपनी आणि मालक यांच्या सहमतीने ठरते. गाडी किती धावली, कशी राखली आणि तिला मागणी किती, याची नोंद या हिशेबात होत नाही. म्हणून ते बाजारभावाचा पुरावा मानता येत नाही.

नव्या गाडीच्या किमतीचा मुद्दा मात्र रास्त असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या तसेच १२०० घन सेंटिमीटरपर्यंतचे पेट्रोल किंवा १५०० घन सेंटिमीटरपर्यंतचे डिझेल इंजिन असलेल्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्यात आला आणि त्यावरील भरपाई उपकरही रद्द झाला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही उतरतो. अशा वेळी पूर्वीच्या महाग दराने घेतलेल्या गाडीचे बिल दाखवून उपयोग होत नाही.

घासाघीस करणाऱ्यांशी बोलणी

गुरांच्या बाजारात रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. भाव चारचौघांत फुटू नये, तो घेणारा आणि देणारा यांच्यातच राहावा, हा त्यामागचा हेतू. मोटारीच्या व्यवहारातही हे सूत्र उपयोगी पडते. ग्राहकाबरोबर अनेकदा भाऊ, मित्र, शेजारी आणि एखादा कारागीर अशी मंडळी येतात आणि प्रत्येक जण काही ना काही दोष काढतो. गाडी सर्वांना दाखवावी. किमतीची चर्चा मात्र प्रत्यक्ष पैसे देणाऱ्या व्यक्तीशीच आणि शक्यतो बाजूला बसून करावी.

गाडी न पाहता दूरध्वनीवरच अंतिम भाव विचारणाऱ्या ग्राहकाला किंमत कमी करून सांगू नये. तेथे सांगितलेला आकडा हा त्याच्यासाठी शेवट नसून सुरुवात ठरतो. ‘जाहिरातीत किंमत दिली आहे. गाडी पाहा, चालवा. पसंत पडली तर समोरासमोर बसून बोलू,’ एवढे सौजन्यपूर्ण उत्तर पुरेसे असते. खरा ग्राहक भेटीची वेळ ठरवतो. उरलेल्यांची गळती येथेच होते आणि मालकाचा वेळ वाचतो.

दोष दाखवून भाव पाडणाऱ्या ग्राहकाशी वाद घालू नये. त्याने दाखवलेला दोष खरा असेल, तर दुरुस्तीचा खर्च आकड्यात मांडावा. चारही टायर बदलावे लागणार असतील, तर त्यांची दुकानातील किंमत विचारून तेवढ्यापुरतीच चर्चा करता येते. ‘गाडीत फार काम आहे’ या मोघम विधानावर मात्र एक रुपयाही कमी करण्याचे कारण नाही. ग्राहकाने आपला कारागीर आणावा किंवा स्वतःच्या खर्चाने अधिकृत सेवाकेंद्रात तपासणी करून घ्यावी, असा प्रस्ताव मालकाने स्वतःहून ठेवावा. त्यामुळे मोघम शंकांना आधार उरत नाही.

किंमत उतरवायचीच झाल्यास ती लहान आणि कमी होत जाणाऱ्या टप्प्यांनी उतरवावी. आधी आठ हजार, मग चार हजार, मग दोन हजार अशी घट झाल्यास आपण तळाशी पोहोचत आहोत हे ग्राहकाच्या ध्यानात येते. याउलट मालकाने पाच, दहा, पंधरा अशी वाढती सूट दिली, तर थांबण्याचे त्याला काहीच कारण राहत नाही. शिवाय प्रत्येक सवलतीच्या बदल्यात काहीतरी मागावे : आज विसार, परवापर्यंत पूर्ण रक्कम, किंवा हस्तांतरणाचे शुल्क ग्राहकाने भरणे. मोबदल्याशिवाय दिलेली सूट पुढील सुटीची मागणी घेऊन येते.

रोख रकमेचे आमिष दाखवून भाव पाडणाऱ्यांपासून विशेष सावध राहावे. आयकर कायद्यात २०१७ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार एका व्यवहारापोटी दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास मनाई आहे. नियम मोडल्यास तेवढ्याच रकमेइतका दंड होऊ शकतो आणि तो देणाऱ्यावर नव्हे, तर घेणाऱ्यावर आकारला जातो. म्हणजे या सवलतीचा लाभ ग्राहकाला आणि धोका विक्रेत्याला, असा हा प्रकार आहे.

जुन्या गाडीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, म्हणून तेवढी किंमत कमी करा, अशीही मागणी होताना दिसते. जैसलमेर येथे डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीत जुन्या वाहनांवर एकसमान १८ टक्के दराची शिफारस करण्यात आली, हे खरे आहे. तथापि हा कर नोंदणीकृत व्यावसायिकाला आणि त्याच्या नफ्याच्या रकमेवर लागू होतो. नोंदणी नसलेल्या व्यक्तीने आपली गाडी दुसऱ्या व्यक्तीला विकल्यास हा कर लागत नाही.

सर्वांत अवघड ग्राहक म्हणजे सर्व काही ठरल्यावर अखेरच्या क्षणी रक्कम कमी करणारा. गाडी धुऊन ठेवलेली, अर्ज भरलेले, नव्या गाडीचा हप्ता सुरू झालेला. अशा वेळी ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ अशी मालकाची अवस्था होते आणि नेमके तेच हेरले जाते. यावर एकच उपाय आहे. ठरलेली किंमत विसार पावतीवर लिहिलेली असावी आणि ती बदलल्यास व्यवहार थांबवण्याची मालकाची तयारी असावी. आधी येऊन गेलेल्या दोन-तीन ग्राहकांचे क्रमांक जपून ठेवले असतील, तर ही तयारी ठेवणे सोपे जाते. आपल्याला गाडी का आणि किती तातडीने विकायची आहे, हे ग्राहकासमोर न बोलण्याचे महत्त्वही येथेच कळते.

गाडी चालवून पाहणे

गाडी चालवून पाहण्याची मागणी रास्त आहे. मात्र ती मान्य करताना वाहन चालवण्याचा परवाना पाहणे मालकावर बंधनकारक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५ नुसार परवाना नसलेल्या व्यक्तीला आपले वाहन चालवू देणे हा गुन्हा आहे. २०१९ मधील दुरुस्तीनंतर त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गाडीचा विमा चालू असल्याचीही खात्री करावी. ‘विकायचीच आहे’ म्हणून विम्याचे नूतनीकरण टाळणे महागात पडू शकते. फेरीच्या वेळी मालकाने गाडीत बसावे, मार्ग आधी ठरवावा आणि गाडीसोबत मूळ कागदपत्रे कोणाच्याही हाती देऊ नयेत. ‘दोन दिवस वापरून पाहतो’ ही विनंती स्पष्टपणे नाकारावी.

निर्णय न घेणाऱ्या ग्राहकांसाठी मुदत

प्रत्येक चालढकल करणारा ग्राहक वेळ घालवण्यासाठी आलेला असतो, असे नाही. अनेक कुटुंबांत मोटार ही घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी असते आणि ती पहिल्यांदाच होत असते. अशा ग्राहकाला घाई केल्यास तो बिथरतो. त्याची नेमकी अडचण कोणती, हे विचारावे. कर्ज मंजूर व्हायचे आहे का, घरातील दुसऱ्या कोणी गाडी पाहायची आहे का, की इंजिनाविषयी शंका आहे? अडचण सांगता येत असेल तर तिच्यावर उपाय निघतो आणि त्यासाठी किती दिवस लागतील, हेही ठरवता येते. अडचण सांगता येत नसेल, तर ‘तळ्यात की मळ्यात’ हा खेळ पुढेही चालू राहण्याची शक्यता अधिक असते.

दोन्ही प्रसंगी मालकाने मुदत सांगावी : ‘रविवारी संध्याकाळपर्यंत हा भाव तुमच्यासाठी आहे. त्यानंतर दुसऱ्यांना गाडी दाखवण्यास मी मोकळा असेन.’ ही धमकी ठरत नाही, कारण ती सर्वांना सारखीच सांगितली जाते. मात्र सांगितलेली मुदत पाळावी लागते. दुसरे ग्राहक रांगेत असल्याचे खोटे सांगणे टाळावे. ते उघडे पडल्यास सारी बोलणीच अविश्वासाची होतात. विसार मिळेपर्यंत इतरांना गाडी दाखवणे थांबवू नये. केवळ शब्दावर गाडी अडकवून ठेवल्यास हाती असलेली मागणीही निघून जाते.

विसार घेणे ही निर्णयाची खरी कसोटी आहे. पावतीवर वाहन क्रमांक, ठरलेली एकूण किंमत, मिळालेली रक्कम, उरलेली रक्कम देण्याची तारीख, हस्तांतरणाचा खर्च कोणाकडे आणि मुदत उलटल्यास विसाराचे काय होईल, एवढ्या बाबी स्पष्ट लिहाव्यात. विसाराची रक्कम वाजवी असावी. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारभंगापोटी न्यायालय वाजवी भरपाईच मान्य करते. त्यामुळे मोठी रक्कम घेऊन ती जप्त करण्याची अट टिकेलच, असे नाही. मालकाने स्वतःच शब्द फिरवल्यास विसार परत करावा लागेल, हेही पावतीवर असावे. दोन्ही बाजूंना बांधणारी अट ग्राहकाला निर्धास्त करते आणि त्याचा निर्णय सोपा होतो.

पैसे मिळाल्याची खात्री

बँकेच्या सुट्टीमुळे पैसे जमा होत नाहीत, ही सबब पूर्वी ग्राह्य धरली जाई. एनईएफटी सेवा डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस सेवा डिसेंबर २०२० पासून वर्षभर चोवीस तास उपलब्ध आहे. त्यामुळे रक्कम खात्यात जमा झाल्याचे मालकाने स्वतःच्या बँक खात्यात पाहिल्याशिवाय किल्ली देण्याचे कारण नाही. ग्राहकाच्या मोबाइलवरील चित्र किंवा आलेला लघुसंदेश हा पुरावा नव्हे. पैसे पाठवतो असे सांगून क्यूआर संकेत स्कॅन करण्यास किंवा यूपीआयचा गुप्त क्रमांक टाकण्यास सांगणारी व्यक्ती ग्राहक नसते. हा क्रमांक पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी नव्हे. अशी फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवता येते.

विक्री कधी पूर्ण होते?

पैसे मिळाले आणि किल्ली दिली, की आपली जबाबदारी संपली, असा सार्वत्रिक समज आहे. मोटार ही जंगम मालमत्ता असल्याने खरेदीदार आणि विक्रेता यांच्यापुरता व्यवहार पूर्ण होतो, हे खरे. मोटार वाहन कायद्याच्या कलम २ (३०) नुसार मात्र ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे, तोच सर्वसाधारणपणे मालक मानला जातो. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निकालात याचा अर्थ स्पष्ट झाला. त्या प्रकरणातील मोटार एकामागून एक अनेकांना विकली गेली होती. नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. दरम्यान त्या गाडीचा अपघात होऊन एकाचा मृत्यू झाला. अपघाताच्या वेळी गाडी आपल्या ताब्यात नव्हती, हा नोंदणीकृत मालकाचा बचाव न्यायालयाने ग्राह्य धरला नाही आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर निश्चित केली.

या पार्श्वभूमीवर कोऱ्या अर्जावर स्वाक्षरी घेऊन गाडी नेणाऱ्या ग्राहकाचा विचार करावा लागतो. ‘नाव नंतर करून घेतो’ असे म्हणणारा अनेकदा दलाल असतो. स्वतःच्या नावावर गाडी न करता ती तिसऱ्याला विकण्याचा त्याचा बेत असतो. घासाघिशीने थकलेल्या मालकाला तोवर सुटका हवी असते आणि तो स्वाक्षरी करून देतो. किमतीत दोन-चार हजार अधिक मिळत असले, तरी ही अट मान्य करू नये.

कायद्याच्या कलम ५० नुसार गाडी त्याच राज्यात विकली गेल्यास विक्रेत्याने १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकरणाला हस्तांतरणाची माहिती द्यावयाची असते. त्यासाठी नमुना २९ आहे. खरेदीदाराने ३० दिवसांच्या आत माहिती देणे आवश्यक असून हस्तांतरणासाठी नमुना ३० भरला जातो. हे अर्ज खरेदीदाराचे नाव, पत्ता आणि तारीख भरूनच स्वाक्षरीत करावेत आणि त्यांची छायांकित प्रत जपून ठेवावी. गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ नमूद केलेली, खरेदीदाराच्या स्वाक्षरीची पावतीही घ्यावी.

विम्याबाबतही स्पष्टता हवी. कायद्याच्या कलम १५७ नुसार त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो. त्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे नावात बदल करण्यासाठी अर्ज करावयाचा असतो. मात्र दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सवलत, जी ५० टक्क्यांपर्यंत असू शकते, ती गाडीची नसून मालकाची असते. तिचे प्रमाणपत्र घेऊन तीन वर्षांच्या आत नव्या गाडीसाठी ती वापरता येते. ही सवलत गाडीबरोबर देण्याची मागणी त्यामुळे गैरलागू ठरते. फास्टॅगही वाहनापुरताच असल्याने विक्रीच्या दिवशीच तो बंद करावा. अन्यथा नव्या मालकाच्या प्रवासाचा पथकर जुन्या मालकाच्या खात्यातून जात राहतो.

राज्याबाहेरील नोंदणी

नोकरीनिमित्त बंगळुरू, हैदराबाद, इंदूर, बडोदा किंवा दिल्ली येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे महाराष्ट्रात नोंदवलेली गाडी असणे सामान्य आहे. ती तेथेच विकताना ‘परराज्यातील गाडी’ या कारणाने भाव पाडला जातो. हा आक्षेप निराधार नसतो. एका राज्यात नोंदवलेले वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवल्यास तेथे नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि तेथील रस्ता करही भरावा लागतो. मूळ नोंदणी कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र त्यासाठी आवश्यक असते. ते नमुना २८ द्वारे मागितले जाते. गाडी दुसऱ्या राज्यात विकली गेल्यास ते सादर करण्यासाठी विक्रेत्याला ४५ दिवसांची मुदत आहे. बोलणी सुरू करण्यापूर्वीच तेथील कराची रक्कम विचारून ठेवल्यास घासाघीस त्या रकमेपुरती मर्यादित राहते.

दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात गाडीचे वय हा अधिक गंभीर मुद्दा आहे. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवरील निर्बंध राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशांनंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केले. २०२५ मध्ये न्यायालयाने या संदर्भात नवे आदेश दिले आणि त्यांत वाहनाच्या उत्सर्जन मानकालाही महत्त्व आले. तेथील विक्रेत्याने आपल्या गाडीला लागू असलेला आदेश पाहूनच किंमत सांगावी.

व्यावसायिक विक्रेत्याचा पर्याय

अनोळखी ग्राहकांशी बोलणी करण्याची इच्छा किंवा सवड नसल्यास जुन्या मोटारींच्या व्यावसायिक विक्रेत्याला गाडी देता येते. किंमत थोडी कमी मिळते, वेळ वाचतो. मात्र येथेही कागद महत्त्वाचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये करण्यात आलेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यानुसार अशा विक्रेत्याकडे नोंदणी प्राधिकरणाचे प्राधिकारपत्र असणे आवश्यक आहे. गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना नमुना २९ सी द्वारे दिल्यानंतर त्याला त्या गाडीचा मानीव मालक समजण्यात येते आणि ताब्यातील काळातील घटनांची जबाबदारी त्याच्यावर येते. प्राधिकारपत्र न दाखवणाऱ्या विक्रेत्याला दिलेली गाडी कायद्याच्या दृष्टीने जुन्या मालकाच्याच नावावर उभी राहते.

कोणत्याही मार्गाने विक्री झाली, तरी महिना-दीड महिन्याने परिवहन मंत्रालयाच्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन अॅपवर वाहन क्रमांक टाकून नोंदणीची स्थिती पाहावी. नव्या मालकाची नोंद झालेली दिसत नसल्यास त्याच्याशी संपर्क साधावा आणि नमुना २९ च्या प्रतीसह नोंदणी कार्यालयाला लेखी कळवावे. नोंदणी प्रमाणपत्रावरील नाव बदलल्याचे दिसेपर्यंत विक्रीची पावती, अर्जांच्या प्रती आणि बँकेतील जमा रकमेची नोंद एका पाकिटात एकत्र ठेवावी.